सोडलं म्हणजे नेमकं काय सोडलं? ‘गिव्ह अप’ वापरायला शिकताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी डिस्पॅच आणि परदेशी गिऱ्हाइकांचे मेल बघतो. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. नमुन्याची कास्टिंग (साच्यात ओतून केलेले धातूचे भाग) ट्रान्सपोर्टवाल्याच्या ताब्यात दिली होती, तेवढंच गिऱ्हाइकाला कळवायचं होतं. शब्दकोशात ‘गिव्ह अप’च्या पुढं ‘सुपूर्द करणे, ताब्यात देणे’ असं स्वच्छ छापलेलं. मी ऐटीत लिहिलं, ‘वुई हॅव गिव्हन अप युअर सॅम्पल कास्टिंग्ज.’

रात्री साडेनऊला मालकांचा फोन. ‘‘आरं, तिकडनं फोन आलाय. काम का सोडलं म्हणून इचारायला लागल्यात. काय लिवलंयस काय लगा तू?’’

गिऱ्हाइकाला वाटलं होतं, आम्हाला ती कास्टिंग जमेना म्हणून आम्ही नाद सोडला. शब्दकोश खोटा नव्हता. पण त्यातला अर्थ कुठं चालतो आणि कुठं घसरतो हे मी बघितलंच नव्हतं.

आता दरवर्षी आमच्याकडं डिप्लोमा करून नवी पोरं येतात. कुणी कागलचा, कुणी राधानगरीकडचा, कुणी गडहिंग्लजचा. हुशार असतात. ड्रॉइंग वाचतात, इंग्रजी वाचतात, पण दोन शब्दांच्या इंग्रजी क्रियापदांपाशी अडखळतात. ‘गिव्ह अप’ त्यातलं सगळ्यात फसवं, कारण त्याचा एक अर्थ सगळ्यांनाच येतो: हार मानणे. जिमच्या भिंतीवर, टी-शर्टवर, स्टेटसवर ‘नेव्हर गिव्ह अप’ वाचून वाचून तो डोक्यात पक्का बसलेला असतो, आणि बाकीचे अर्थ दारातच अडतात. पोरांना मी पहिल्या आठवड्यात जे सांगतो तेच इथं लिहितोय. इंग्रजी वाक्यंही मुद्दाम देवनागरीत दिलीत. ती मोठ्यानं वाचा, कारण आपण घसरतो ते बहुतेक फोनवर.

पहिली पायरी: आपलं ‘सोडणे’ हातात घ्या

शब्दकोशातले आठ-दहा अर्थ पाठ करत बसू नका. मराठीत एक क्रियापद आहे जे त्यातले जवळजवळ सगळे अर्थ एकट्यानं ओढतं, ते म्हणजे सोडणे. म्हणून बघा: जिद्द सोडली. आशा सोडली. तंबाखूचा मावा सोडला. नोकरी सोडली. बसमधली जागा सोडली. किल्ला सोडला. वाटणीतला हक्क सोडला. प्राण सोडले. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘गिव्ह अप’ बसतं, अगदी प्राणांपर्यंत. आणि कोल्हापूरच्या माणसाला तर ‘नाद सोड’ हे दोन शब्द लहानपणापासून ऐकायला मिळतात. ‘गिव्ह अप’चा इतका नेमका अनुवाद मला कुठल्याच शब्दकोशात सापडला नाही.

पण उलट दिशेनं जाताना ब्रेक दाबायचा. मराठीत ‘सोडणे’ आलं की इंग्रजीत ‘गिव्ह अप’ टाकायचं, असं नाही. ‘मला स्टँडवर सोड’ याला ‘ड्रॉप मी ॲट द स्टँड’. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडून भोगावतीत पाणी सोडलं, तर ते ‘रिलीज्ड’. ऑफिस सहाला सोडलं, तर ‘लेफ्ट’. खासबागेत पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली, तर ‘डिक्लेअर्ड अ ड्रॉ’.

मग ओळखायचं कसं? मी पोरांना मूठ आवळायला सांगतो. तुम्ही एखादी गोष्ट धरून ठेवलेली आहे, किंवा धरून ठेवायचा तुमचा हक्क आहे, आणि तुम्ही मूठ उघडता. तिथं ‘गिव्ह अप’. जागेवर तुम्ही बसला होता, बसून राहता आलं असतं, उठलात. मावा तोंडात होता, थुंकलात, परत घेतला नाही. धरणातल्या पाण्यावर असा कुणाचा जीव अडकलेला नसतो. ते भरलं की सुटतंच. माझी कास्टिंगसुद्धा तशीच. ती आम्हाला ठेवायची नव्हतीच, पाठवायचीच होती. तिथं साधं ‘हँडेड ओव्हर’ पुरलं असतं. शब्दकोशातलं ‘सुपूर्द करणे’ खरं ठरतं ते आपल्याकडची वस्तू दुसऱ्याच्या मागणीपुढं, दबावापुढं किंवा मोठ्या मनानं हातातून जाऊ दिली तर. पोलिसानं मागितला म्हणून पासपोर्ट दिला, शत्रूनं वेढा घातला म्हणून गड दिला, म्हातारीसाठी खुर्ची दिली.

दुसरी पायरी: मागं काय आहे ते आधी बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथं जरा बसू.

‘गिव्ह अप’च्या मागं कर्म आहे की नाही, यावर सगळा खेळ आहे. कर्म नसेल, वाक्य तिथंच संपत असेल, तर अर्थ एकच: प्रयत्न सोडला, हार मानली. कर्म असेल तर फक्त तेवढी गोष्ट सोडली. माणूस हरला की नाही याबद्दल वाक्य काहीच बोलत नाही.

उदाहरण पन्हाळ्याचं घ्या. १६६० साली सिद्दी जौहरनं वेढा घातला, शिवाजी महाराज भर पावसात रात्री निसटून विशाळगडाकडं गेले, आणि पुढं त्याच साली गड आदिलशाहीला देऊन टाकला. इंग्रजीत लिहा: ‘शिवाजी महाराज गेव्ह अप पन्हाळा इन सिक्स्टीन सिक्स्टी.’ वाक्य बरोबर, इतिहासही बरोबर. आता त्यातला फक्त पन्हाळा काढा: ‘शिवाजी महाराज गेव्ह अप.’ हे वाक्य शिवाजी पेठेत उभं राहून म्हणून बघा काय होतंय ते. आणि ते खोटंही आहे, कारण १६७३ साली पन्हाळा परत घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना तेवीस किल्ले दिले, बारा राखले. तिथंही ‘गेव्ह अप ट्वेंटी-थ्री फोर्ट्स’ लिहिता येतं. किल्ले सोडले, डाव सोडला नाही. एका नामाचा फरक, पण अर्थ थेट उलटा.

माझ्या मेलमध्ये कर्म होतं ना, मग गिऱ्हाइकाचा गैरसमज का झाला, असं एका पोरानं मला विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे. कर्म होतं ‘सॅम्पल कास्टिंग्ज’, म्हणजे आमचं चालू काम. चालू कामाला ‘गिव्ह अप’ लावलं की ते काम सोडलं असंच ऐकू येतं. कर्म वस्तू आहे, सवय आहे, काम आहे की माणूस आहे, हेही बघावं लागतं. त्यातलं एकेक खाली येतंच आहे.

आता कर्म नसलेलं ‘गिव्ह अप’. याचा रोजचा वापर आपल्याला वाटतो तेवढा गंभीर नसतो. कोडं घालताना आपण म्हणतो, ‘हरलास का? सांगू उत्तर?’ त्यावर इंग्रजी पोरगं म्हणतं, ‘ओके, आय गिव्ह अप. टेल मी.’ यात रडारड नाही, नुसतं ‘हरलो बाबा, सांग आता’.

आणि एक भेद जो कुस्तीच्या गावात पटकन कळतो. राजर्षी शाहूंनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात मातीवर पैलवानाची पाठ टेकली, तो चितपट झाला. तो हरला. इंग्रजीत ‘ही लॉस्ट’. पण त्यानं ‘गिव्ह अप’ केलं नाही. शेवटपर्यंत मानेवर पूल करून झुंजत होता. ‘ही गेव्ह अप’ म्हणायचं ते लंगोट आवरून मैदानातनं उठून गेलेल्याला. हरवणं दुसरा करतो, सोडणं आपण करतो. नवी पोरं ‘इंडिया गेव्ह अप द मॅच’ असं लिहितात, तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं संघ मॅच टाकून पॅव्हेलियनमध्ये गेला.

जाता जाता: अमेरिकी समालोचक म्हणतात, ‘दे गेव्ह अप टू गोल्स इन द फर्स्ट हाफ.’ शाहू स्टेडियमवर आपण म्हणतो, पहिल्या हाफला दोन गोल खाल्ले. इथं आपलं ‘सोडणे’ कामाला येत नाही, ‘खाणे’ लागतं. ब्रिटिश लोक त्याला ‘कन्सीडेड’ म्हणतात. हा अर्थ ओळखता आला तरी पुरे. वापरायला जाऊ नका.

तिसरी पायरी: सवय आणि व्यसन

इथं आपल्याकडच्या शंभरातली बरीच माणसं एक ठरावीक चूक करतात. ‘मी चहा सोडला’ याचं ‘आय लेफ्ट टी’. मराठी डोक्यात ‘सोडणे म्हणजे लीव्ह’ हे शाळेतच ठोकलेलं असतं, त्याचा हा परिणाम. ‘आय लेफ्ट टी’ ऐकून परदेशी माणूस विचारेल, कुठं ठेवला? टेबलावर? ‘लीव्ह’ जागेला आणि माणसाला: गाव सोडलं, घर सोडलं, बायकोनं सोडलं. सवयीला ‘गिव्ह अप’: ‘आय गेव्ह अप टी.’ नोकरीला दोन्ही चालतात, पण चव वेगळी. ‘ही लेफ्ट हिज जॉब’ म्हणजे गेला, एवढंच. ‘ही गेव्ह अप हिज जॉब टू लुक आफ्टर हिज फादर’ म्हणजे ठेवता आली असती, कशासाठी तरी पाणी सोडलं. ‘गिव्ह अप’मध्ये बऱ्याचदा असा त्यागाचा वास असतो.

दुसरी चूक व्याकरणाची. मागं क्रियापद आलं तर ते ‘इंग’चं रूप घेतं. ‘आय गेव्ह अप स्मोकिंग’, ‘शी गेव्ह अप ईटिंग मीट’, ‘ही गेव्ह अप प्लेइंग फुटबॉल आफ्टर द नी इंज्युरी’. ‘गेव्ह अप टू स्मोक’ कधीच नाही. आपल्याला हे परकं वाटायला नको. आपणही ‘सिगरेट ओढणं सोडलं’ म्हणतो, ‘ओढायला सोडलं’ म्हणत नाही. ते ‘णं’ म्हणजेच इंग्रजीतलं ‘इंग’ असं धरून चाला.

‘स्टॉप’ आणि ‘गिव्ह अप’ यातला फरक रंकाळ्यावर उभं राहून समजतो. भेळ खाताना फोन आला म्हणून खायचा थांबलात, ‘स्टॉप्ड ईटिंग’. डॉक्टरांनी तिखट बंद केलं म्हणून कायमचा तांबडा रस्सा सोडलात (देव करो आणि अशी वेळ वैऱ्यावरही न येवो), तर ‘गेव्ह अप’. कायमचं सोडायला ‘स्टॉप’ही चालतं, पण घडीभर थांबण्याला ‘गिव्ह अप’ चालत नाही.

काळ सांभाळा. ‘आय हॅव गिव्हन अप शुगर’ म्हणजे सोडली आणि अजून सोडलेलीच आहे. ‘आय गेव्ह अप शुगर लास्ट इयर’ म्हणजे तेव्हा सोडली; आता काय चाललंय ते माहीत नाही. गुळाच्या गावात दुसरं वाक्य जास्त खरं असतं.

चौथी पायरी: ‘इट’ मध्ये घुसतं

२०१५ साली केंद्र सरकारनं गॅस सिलिंडरवरची सबसिडी आपणहून सोडा अशी मोहीम काढली होती. तिचं नाव होतं ‘गिव्ह इट अप’. एक कोटीहून जास्त ग्राहकांनी सबसिडी सोडली. तेव्हा एजन्सीत, पेपरात, टीव्हीवर सगळीकडं ते तीन शब्द होते. मी पोरांना सांगतो, बाकी काही विसरलात तरी ते लक्षात ठेवा, कारण त्यात शब्दांचा क्रमही आहे आणि अर्थही. तुमच्या हक्काचं होतं, ठेवता आलं असतं, मूठ उघडलीत.

क्रम असा: कर्म सर्वनाम असेल, म्हणजे ‘इट’, ‘देम’, ‘हिम’, ‘हर’, तर ते ‘गिव्ह’ आणि ‘अप’च्या मध्येच बसतं. ‘गिव्ह अप इट’ हे कुठल्याच इंग्रजीत चालत नाही. पूर्ण नाम असेल तर मोकळीक आहे: ‘गिव्ह अप द सीट’ म्हणा नाहीतर ‘गिव्ह द सीट अप’ म्हणा. पण नाम लांबलचक असलं तर मागंच ठेवा. ‘ही गेव्ह अप द विंडो सीट ही हॅड बुक्ड थ्री वीक्स अगो’ यातला ‘अप’ शेवटी नेऊन बघा, ‘अप’ येईपर्यंत ऐकणाऱ्याचा दम संपतो. ‘इंग’वालं रूपही मागंच बरं दिसतं.

सराव करायचा तर केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसमध्ये, बसून करा. कुणी उठून म्हाताऱ्याला जागा दिली की मनात म्हणा: ‘ही गेव्ह अप हिज सीट. ही गेव्ह इट अप.’ दोन वाक्यं, एका स्टॉपच्या आत.

पाचवी पायरी: ‘ऑन’ लागला की माणसावरची आशा

‘माय टीचर गेव्ह मी अप’ आणि ‘माय टीचर गेव्ह अप ऑन मी’ यात जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसरं म्हणजे: सरांनी माझ्यावरची आशा सोडली, हे पोरगं सुधारत नाही म्हणाले. माझ्या गणिताच्या सरांनी आठवीत हे केलं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. ‘ऑन’ हा प्रकार माणसाला लागतो, यंत्राला लागतो, बेतालाही लागतो: ‘वुई गेव्ह अप ऑन द ओल्ड पॅटर्न अँड मेड अ न्यू वन.’ फौंड्रीत हे वाक्य महिन्यातनं एकदा तरी लागतं, लिहून ठेवा. इथं ‘इट’ मध्ये जात नाही, ‘ऑन’च्या मागंच बसतं: ‘वुई गेव्ह अप ऑन इट.’

‘ऑन’ नसेल आणि माणूस नुसता मध्ये असेल, तर वेगळी गोष्ट. ‘दे गेव्ह हिम अप’ म्हणजे एक तर त्याला पोलिसांच्या किंवा शत्रूच्या हवाली केलं, नाहीतर डॉक्टरांनी हात टेकले. तिसरा एक घरगुती अर्थ फार गोड आहे. जेवायला आठला येतो म्हणालेला पाहुणा साडेदहाला उगवला, पांढरा रस्सा दोनदा गरम करून झाला, की दार उघडताना म्हणायचं: ‘वुई हॅड गिव्हन यू अप!’ आम्हाला वाटलं, आता काही तू येत नाहीस. यात राग कमी, सुटकेचा श्वास जास्त.

याच ओळीतलं ‘गिव्हन अप फॉर लॉस्ट’ किंवा ‘फॉर डेड’. २०१९ च्या महापुरात नदीकाठच्या आमच्या एका पाहुण्यांची म्हैस दावं तोडून गेली. चार दिवस पाणी उतरेना. ती गेलीच असं सगळ्यांनी धरलं, आजींनी तर तिच्या नावानं एक वेळ जेवणही सोडलं. पाचव्या दिवशी ती तीन किलोमीटरवरच्या एका शाळेच्या ओट्यावर रवंथ करत बसलेली सापडली. ‘दे हॅड गिव्हन हर अप फॉर लॉस्ट.’ आपण ‘तिच्यावर पाणी सोडलं होतं’ म्हणतो ते हेच. त्या साली जरा जास्तच शब्दशः.

आशेला मात्र ‘ऑन’ नको. ‘डोन्ट गिव्ह अप होप’ असंच सरळ.

मूल दत्तक देण्यालाही पूर्वी ‘गेव्ह द बेबी अप फॉर ॲडॉप्शन’ म्हणत, अजूनही म्हणतात. पण त्यात आईनं पोराला टाकून दिल्याची छटा येते म्हणून त्या क्षेत्रातले लोक आता ‘प्लेस्ड’ म्हणणं पसंत करतात. औपचारिक ठिकाणी तेच वापरा.

सहावी पायरी: स्वतःला सोडणं

‘ही गेव्ह हिमसेल्फ अप’ म्हणजे तो स्वतःहून पोलिसांत हजर झाला, शरण आला. पेपरातल्या आपल्या बातमीतलं ‘आरोपी स्वतःहून ठाण्यात हजर’ ते हेच. पण त्याला ‘टू’ जोडून एखादी भावना किंवा काम आलं, की माणूस त्यात बुडाला: ‘शी गेव्ह हरसेल्फ अप टू म्युझिक.’ शिकताना पहिलं पुरे. दुसरं पुस्तकात भेटतं, बोलण्यात क्वचित.

सातवी: भूत आणि टाळ्या

दोन जागा अशा आहेत जिथं शब्दशः गेलात की हमखास फसणार.

एक, ‘गिव्ह अप द घोस्ट’. यात भुताचा काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘घोस्ट’ म्हणजे आत्मा, प्राण. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये क्रुसावर येशूनं प्राण सोडले तिथं हेच शब्द आहेत. म्हणजे शब्दाला शब्द आपलं ‘प्राण सोडले’. आज ते माणसापेक्षा यंत्राला जास्त वापरतात, आणि थोडं चेष्टेनं. उसाला पाणी पाजताना मोटर जळाली: ‘द मोटर हॅज फायनली गिव्हन अप द घोस्ट.’ कुणाच्या घरी दुखवट्याला जाताना हे वाक्य खिशात नेऊ नका.

दोन, ‘गिव्ह इट अप फॉर...’ कॉलेजच्या गॅदरिंगला निवेदक ओरडतो, ‘गिव्ह इट अप फॉर अवर नेक्स्ट परफॉर्मर!’ आमच्यातला एक जण म्हणाला, बिचारा अजून स्टेजवर आला पण नाही आणि ह्ये हार माना म्हणतंय. तसं नाही, जोरदार टाळ्या वाजवा म्हणतोय. मागं ‘फॉर’ आणि माणसाचं नाव आलं, आवाज चढलेला असला, की टाळ्या.

शेजारपाजारची क्रियापदं

‘गिव्ह इन’ हे सख्खं भावंड, आणि सगळ्यात जास्त गफलत याच्याशी. ‘गिव्ह अप’मध्ये तुम्ही सोडता, ‘गिव्ह इन’मध्ये समोर कुणीतरी रेटत असतं आणि तुम्ही नमतं घेता. पोरगं तासभर बुलेटसाठी रडतंय आणि बाप शेवटी ‘जा, घे’ म्हणतो: ‘ही गेव्ह इन.’ बापानं पोराला समजवायचंच सोडून दिलं आणि बाहेर निघून गेला: ‘ही गेव्ह अप.’ एकात बुलेट मिळाली, दुसऱ्यात नाही. दर ठरवताना गिऱ्हाइकाच्या दबावापुढं झुकलात तर ‘गेव्ह इन’, ऑर्डरच सोडली तर ‘गेव्ह अप’. मेलमध्ये हे उलटं झालं तर हिशोबात फरक पडतो.

‘गिव्ह वे’ तुम्ही रस्त्यावर बघितलंय, तो उलटा त्रिकोण. समोरच्याला आधी जाऊ द्या. पूल किंवा छत खचलं तरी ‘गेव्ह वे’. ‘गिव्ह अवे’ म्हणजे फुकट देऊन टाकणं, किंवा गुपित नकळत फोडणं. ‘गिव्ह आउट’ म्हणजे शक्ती संपणं: जोतिबाच्या डोंगरावर चढताना पाय गळाले, ‘माय लेग्ज गेव्ह आउट’, पण मी सोडलं नाही, ‘बट आय डिडन्ट गिव्ह अप’. हे शेवटचं जोड-वाक्य पाठ केलं तरी दोन्ही डोक्यात राहतात.

कागदोपत्री

फॉर्मवर, करारात, वकिलाच्या पत्रात ‘गिव्ह अप’ फारसं दिसणार नाही. ते बोलण्याचं क्रियापद आहे. विमा पॉलिसी मुदतीआधी सोडली की ‘सरेंडर’. नागरिकत्व सोडलं की ‘रिनाउन्स’. पद सोडलं की ‘रिझाइन’. आपल्याकडं बहिणी भावांच्या नावे करून देतात ते हक्कसोडपत्र इंग्रजीत ‘रिलीज डीड’ होतं, त्यात ‘रिलिंक्विश’ असा जड शब्द असतो. पण त्याबद्दल गप्पा मारताना सरळ ‘शी गेव्ह अप हर शेअर’ म्हणायचं. (बहिणींनी ते करावं की नाही हा वेगळा विषय. मला विचाराल तर सही करायच्या आधी चार दिवस घ्यावेत.)

कानाला सवय

जोर ‘अप’वर येतो, ‘गिव्ह’वर नाही. आणि दोन शब्द वेगळे ऐकू येत नाहीत, ‘गिव्हप’ असा एकच झटका येतो. ‘गिव्ह इट अप’ तर ‘गि-व्हि-टप’ होतं. अमेरिकी माणूस म्हणाला तर ‘टप’चं ‘डप’ होतं. फोनवर ‘गिव्हिडप’ असं काही ऐकलंत की घाबरू नका. ‘गेव्ह’ आणि ‘गिव्ह’ मधला स्वर नीट ऐका. ऑर्डर सोडली की सोडणार आहेत हे त्याच एका स्वरात असतं.

आता कागद घ्या आणि ही पाच वाक्यं इंग्रजीत करा: आईनं उपवास सोडला. दादानं तंबाखू सोडली. कोडं सुटेना, हरलो. चोर स्वतःहून हजर झाला. साहेबांनी आज मला लवकर सोडलं.

मधली तीन ‘गिव्ह अप’ची आहेत. पहिल्यात सापळा आहे: उपवास सोडणं म्हणजे ‘ब्रेक द फास्ट’. ‘गेव्ह अप हर फास्ट’ लिहिलंत तर आईला उपवास झेपला नाही, मध्येच टाकला, असं होतं. आईला दाखवू नका. शेवटच्यात ‘लेट मी गो अर्ली’. आमच्या एका नव्या पोरानं तिथं ‘सर गेव्ह मी अप अर्ली टुडे’ लिहून ग्रुपवर टाकलं होतं. म्हणजे साहेबांनी आज त्याला लवकरच पोलिसांच्या ताब्यात दिलं.